विश्लेषण : गाईच्या कानात बिल्ला, बिबट्याच्या शेपटीत चिप… माणसाच्या हातात का नको?

मिरजगावातल्या एखाद्या गोठ्यात बांधलेल्या गाईला बारा अंकी क्रमांक आहे. तिची धार काढणाऱ्याच्या आधार कार्डावरचा क्रमांकही बारा अंकी आणि त्याच्या शाळकरी मुलीचा ‘अपार’ क्रमांकही बारा अंकीच. फरक एवढाच, की गाईचा क्रमांक तिच्या कानाला टोचलेला आहे आणि माणसांचा कागदावर किंवा मोबाइलमध्ये आहे. परदेशांत काही हजार लोकांनी ही रेषाही ओलांडली असून तांदळाच्या दाण्याएवढी ओळख-चिप हाताच्या कातडीखाली बसवून घेतली आहे. लहान मूल हरवल्याची, वाट चुकलेल्या आजोबांची किंवा बेवारस मृतदेहाची बातमी आली, की ‘सरळ चिपच बसवून टाका’ असा सूर आपल्याकडेही निघतो. ही चिप काय करते, काय करू शकत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो?

चिप म्हणजे नेमके काय?

साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची बंद नळी. तिच्या आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो. बॅटरी नसते. जाड सुईने ती कातडीखाली सोडली जाते. वाचक यंत्र, म्हणजे रीडर, जवळ आणले की त्याच्या रेडिओ लहरींवरच चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प बसते. प्राण्यांसाठीच्या चिपचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे : १३४.२ किलोहर्ट्झ वारंवारता आणि १५ अंकी क्रमांक. माणसांच्या हातात बसवल्या जाणाऱ्या बऱ्याच चिप मात्र ‘टॅप’ करून पैसे देण्याच्या कार्डासारख्या, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या असतात.

दोन्ही प्रकारांत रीडर काही सेंटिमीटरवर आणावा लागतो. याचा अर्थ उपग्रहाला ही चिप दिसत नाही. ती कुठे आहे हे पोलीस ठाण्यात बसून कळत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असून ती जमिनीखाली पुरलेली नोटही शोधून देते, ही अफवा गावोगावच्या व्हॉट्सॲपवर फिरली होती. सरकारने तिचे खंडन केले, तरी चिप म्हणजे ठावठिकाणा हे समीकरण लोकांच्या मनातून गेलेले नाही. स्वतःचे स्थान कळण्यासाठी उपग्रहांचे संदेश पकडणारा अँटेना लागतो, ते दुसरीकडे कळवण्यासाठी मोबाइलसारखा ट्रान्समीटर लागतो आणि या दोन्हींसाठी बॅटरी लागते. तांदळाच्या दाण्यात हे मावत नाही. चिपच्या बाजूने आणि विरोधात होणारा निम्मा वाद याच गैरसमजावर उभा आहे. चिप समर्थकांना वाटते, हरवलेले मूल नकाशावर दिसेल. विरोधकांना वाटते, सरकारला आपण चोवीस तास दिसू. आजच्या चिपने यातले एकही होत नाही.

अहिल्यानगरच्या बिबट्याची गोष्ट काय सांगते?

ठावठिकाणा आणि ओळख यांतला फरक समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. २००९ मध्ये याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून वन विभाग आणि अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली, शेपटीत ओळख-चिप बसवली आणि माळशेज घाटाच्या परिसरात सोडून दिले. ‘आजोबा’ या नावाने पुढे तो प्रसिद्ध झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. कॉलरच्या संदेशांमुळे कळले, की हा बिबट्या रस्ते, रेल्वेमार्ग, वस्त्या ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपर्यंत गेला. मग कॉलर थांबली आणि बिबट्या दिसेनासा झाला.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. शेपटीवर रीडर फिरवला तेव्हा क्रमांक उमटला : तो ‘आजोबा’ होता. मधल्या दोन-अडीच वर्षांत तो कुठे होता, हे त्या चिपने कुणालाही सांगितले नाही. मेल्यावर मात्र त्याचे नाव तिने सांगितले.

चिपचा उपयोग कमी होता असे नाही. जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची मोहीम झाली. चिपमुळे पकडलेला बिबट्या नवा आहे की पूर्वी सोडलेलाच, हे ओळखणे शक्य झाले. बिबटे हलवण्याच्या या मोहिमेनंतर जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत गेल्याचे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर शोधनिबंधात मांडले. ‘पकडा आणि लांब सोडा’ हा लोकप्रिय उपाय उलटा पडतो, हे कळायला क्रमांकांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. पण त्या नोंदी कोणीतरी नीट ठेवल्या, पकडलेल्या प्रत्येक जनावरावर रीडर फिरवला आणि निघालेला निष्कर्ष प्रसिद्ध केला, म्हणून त्या उपयोगी पडल्या.

गाईच्या बिल्ल्याने शेतकऱ्याला काय दिले?

मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर–सोलापूर रस्त्यावर. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या पट्ट्यात दर दहा दिवसांनी हाती येणारा पैसा दुधाचाच. त्यामुळे कानातला पिवळा बिल्ला इथे कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. ‘भारत पशुधन’ प्रणालीत जनावराची जात, वय, लसीकरण, कृत्रिम रेतन, वेत यांची नोंद त्या बारा अंकांखाली होते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा कोणत्या जनावराला लस टोचली आणि कोणते राहिले, हे कळण्याची गरज प्रत्येक गोठ्याला पटली.

बिल्ला टोचून घेतल्यावर जनावराचे फारसे बिघडत नाही, पण मालकाच्या व्यवहारात मात्र बरेच बदलते. राज्याने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली. सरकारी दवाखान्यातील उपचारांसाठीही तो आवश्यक झाला. वीज पडून, पुरात किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावले तर भरपाईसाठीही तो हवा. म्हणजे चिप बसवलेल्या बिबट्याने बिल्ला नसलेली गाय मारली, तर सरकारदरबारी मारणाऱ्याची ओळख आहे, मेलेलीची नाही. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झाले, तेव्हाही अट तीच होती : गाईचा बिल्ला, शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि बँक खाते एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. दूध घातले, पण माहिती वेळेत चढली नाही किंवा कुठेतरी अंक चुकला, म्हणून अनुदान अडकल्याच्या तक्रारी त्या काळात राज्यभरातून आल्या.

बिल्ल्यावर लिहिलेला क्रमांक गाईचा असला, तरी पडद्यावर उघडणारी माहिती मालकाची असते. त्याच्याकडे जनावरे किती, दूध किती जाते, पैसा कोणत्या खात्यात येतो, हे सगळे तिथे असते. त्यात आता शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. यातले काहीच वाईट हेतूने झालेले नाही. साथ आवरण्यासाठी बिल्ला आला, तो अनुदानाची अट झाला, मग बाजाराचा परवाना झाला. प्रत्येक टप्प्याला सबळ कारण होते. ओळख-व्यवस्थांची वाढ अशीच होत जाते.

एक गोष्ट मात्र गाईच्या बाजूने आहे. बिल्ला तुटला, कुंपणात अडकून कान फाटला, तर नवा बिल्ला मारून नोंद बदलता येते.

माणसांत हे प्रयोग कुठे झाले?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये ‘व्हेरिचिप’ या मानवी चिपला परवानगी दिली. बेशुद्ध रुग्णाच्या दंडावर रीडर फिरवला, की १६ अंकी क्रमांक मिळेल आणि त्यावरून त्याचा वैद्यकीय इतिहास उघडता येईल, ही कल्पना. तीत अडचण अशी, की रुग्णालयात रीडर नसेल तर चिपचा उपयोग शून्य आणि चिप घेतलेले रुग्णच नसतील तर रुग्णालय रीडर कशाला घेईल? २००६ मध्ये एका तंत्रज्ञाने एका पत्रकार महिलेच्या हातातील व्हेरिचिपचा क्रमांक वाचून त्याची नक्कल जाहीरपणे करून दाखवली. २००७ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांत चिपभोवती गाठी आढळल्याच्या जुन्या अभ्यासांची बातमी ‘असोसिएटेड प्रेस’ने दिली. माणसांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही, पण विश्वास उडायचा तो उडाला. २०१० मध्ये ही चिप बाजारातून गेली.

मेक्सिकोत कारण वेगळे होते. तिथे २००४ मध्ये महान्यायवादींसह त्यांच्या कार्यालयातील काही अधिकाऱ्यांनी गोपनीय दस्तऐवजांच्या दालनात प्रवेशासाठी चिप बसवून घेतली. पुढे अपहरणाच्या भीतीपोटी श्रीमंत कुटुंबांना चिप विकण्याचा व्यवसायही चालला. त्यात ठावठिकाणा कळवणारे यंत्र शरीराबाहेर, वेगळे बाळगावे लागे. अपहरणकर्त्याने तेवढे काढून फेकले की संपले.

स्वीडनमध्ये हौसेचा मामला होता. ऑफिसचे दार, छपाई यंत्र, व्यायामशाळेचे सदस्यत्व यांसाठी हजारोंनी चिप घेतल्या. तिथल्या रेल्वेने २०१७ मध्ये हातातल्या चिपवर तिकीट चालवून पाहिले. सुरुवातीला काही वेळा तपासनिसाच्या यंत्रावर तिकिटाऐवजी प्रवाशाचे लिंक्डइन पान उघडले! त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ या कंपनीत ४० हून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने चिप घेतली. कॅन्टीनच्या यंत्रातून खाऊ घेणे आणि संगणक उघडणे हे तिचे काम. आज ही सगळी कामे मोबाइल आणि घड्याळ करते. भारतात माणसांना चिप बसवण्याची कोणतीही सरकारी योजना नाही.

मग हरवलेल्यांचे काय?

चिपच्या बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा हाच आहे. आपले नाव-गाव सांगू न शकणारी माणसे असतात : स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, बौद्धिक दिव्यांग मुले, अपघातात बेशुद्ध झालेले. आषाढीच्या वारीत किंवा कुंभमेळ्याच्या गर्दीत हात सुटला तर काय होते, हे ज्या घराने अनुभवले आहे, त्याला खासगीपणाचे प्रवचन देऊन उपयोग नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

पण उत्तर शोधताना दिसते ते वेगळेच. नागपूरच्या मानकापूर आधार सेवा केंद्रात नोंदणीसाठी आणलेल्या काही निराधार, बौद्धिक दिव्यांग मुलांचे ठसे यंत्राने नाकारले, कारण ते आधीच नोंदलेले होते. त्या जुन्या नोंदीवरून त्यांची घरे सापडली. वर्षानुवर्षे दुरावलेली मुले आई-वडिलांकडे परतली. त्यासाठी शरीरात काहीही खुपसावे लागले नाही. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे घेऊनच माणूस जन्माला येतो. अडत होते ते दुसरीकडे : हरवलेल्या मुलाचे ठसे कुणीतरी, कधीतरी त्या यंत्रावर ठेवायला हवे होते. चिप बसवली असती, तरीही कुणीतरी रीडर घेऊन जवळ जावेच लागले असते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. सप्टेंबर २०२३ मध्ये वाट चुकलेल्या एका बौद्धिक दिव्यांग मुलाच्या गळ्यातील लॉकेटवर क्यूआर कोड होता. पोलिसांनी तो साध्या मोबाइलने वाचला आणि मूल काही तासांत घरी पोहोचले. लॉकेट हरवू शकते, तुटू शकते हे खरे. पण ते वाचायला खास यंत्र लागत नाही, मिरजगावच्या एसटी थांब्यावरचा कोणीही ते वाचू शकतो. आणि संध्याकाळी ते काढून खुंटीला अडकवता येते. प्रयागराजच्या २०१९ च्या कुंभात लहान मुलांना रेडिओ-ओळख पट्टे घालण्यात आले होते. मेळा संपला, पट्टा सुटला. नाशिकचा पुढचा कुंभ २०२७ मध्ये आहे. तिथेही मुलांसाठी अशी सोय करता येईल.

चिप या दोन्हींपेक्षा एकाच बाबतीत सरस आहे : ती हरवत नाही. मृतदेहाची ओळख पटवताना, किंवा स्वतःच्या अंगावरचे सगळे काढून टाकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो मिळवायचा तर प्रत्येक पोलीस ठाणे, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शवागारात रीडर हवा, तो चार्ज केलेला हवा आणि तो फिरवायचा असतो हे ड्यूटीवरच्या माणसाला माहीत हवे. ग्रामीण भागात सर्पदंशाच्या लशीसाठी पहिल्या रुग्णालयातून पुढच्या रुग्णालयात पाठवले जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी या साखळीच्या मजबुतीचा अंदाज स्वतःच करावा.

धोका नेमका कुणाला?

चिपला ठावठिकाणा कळत नाही, म्हणून धोका नाही असे नव्हे. रीडर जिथे जिथे बसेल, तिथे तिथे नोंद होईल : अमुक क्रमांक, अमुक दार, अमुक वेळ. कारखान्याचे फाटक, एसटीचा दरवाजा, दवाखान्याची रांग, दारूचे दुकान. या नोंदी एकत्र केल्या, की उपग्रहाशिवायही दिवसाचा नकाशा तयार होतो. खिशातले कार्ड घरी ठेवून माणूस कुठे तरी नोंद न होता जाऊ शकतो. हात घरी ठेवता येत नाही.

साध्या चिपमध्ये रीडर खरा की खोटा हे तपासण्याची सोय नसते. विचारेल त्याला ती क्रमांक सांगते. क्रमांकाची नक्कल झाली, तर पासवर्डसारखा तो बदलता येत नाही, पुन्हा छेद घ्यावा लागतो.

तरीही स्टॉकहोममधल्या हौशी तंत्रज्ञाला यातून फारसे भय नाही. त्याला कंटाळा आला तर तो चिप काढून टाकेल. भय आहे ते ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही त्याला. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली तेव्हा प्रशासनाचे म्हणणे होते, की हजेरीतील गैरप्रकार थांबतील. कामगारांची तक्रार होती, की घड्याळाची बॅटरी संपली तर कापला जाणारा पगार त्यांचा असतो. हजेरीतील गैरप्रकार खोटे नव्हते. पण घड्याळ बांधले गेले ते झाडू मारणाऱ्याच्या हातावर. अंगणवाडीत १ जुलै २०२५ पासून पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची अट आली. तिथेही रांगेत उभी असते ती गरोदर बाई. पाळतीचे प्रत्येक नवे यंत्र आधी त्यांच्यावर वापरून पाहिले जाते ज्यांचा पगार, शिधा किंवा अनुदान अडवता येते.

कर्जत-जामखेड आणि शेजारच्या बीड पट्ट्यात तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी हजारो कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात. उचल दिलेला मजूर पळून जाऊ नये, ही मुकादमाची चिंता आणि त्यातून होणारे तंटे या भागाला नवे नाहीत. ‘कामगारांच्या सुरक्षेसाठी’ या नावाने आलेली, अंगातून न निघणारी ओळख त्या नात्यात काय करील, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

पण संमती घेऊनच चिप बसवली तर?

संमती या शब्दाचे वजन समोरच्याच्या पोटावर अवलंबून असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. सरकारी सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी जवळपास १४ हजार जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कागदोपत्री या शस्त्रक्रियांना संमती होती. पण खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी घातलेली भीती, यांतून आलेली ती संमती होती. शरीरावरच्या हस्तक्षेपाला गरीब माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा तो नेमका कशाला हो म्हणतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आधारचा प्रवासही आठवावा लागेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला तेव्हा तो ऐच्छिक होता. पुढच्या काही वर्षांत शिधा, गॅस अनुदान, बँक खाते, मोबाइल सिम अशा एकेका गोष्टीशी तो जोडला गेला. नोंदणी सक्तीची आहे असे कुणी म्हटले नाही. तिच्यावाचून चालणार नाही अशी व्यवस्था मात्र झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते आणि सिमसाठीची सक्ती रद्द केली, अनुदानाच्या योजनांसाठीची कायम ठेवली. सरकारी पैशांतील गळती थांबवण्यासाठी ओळख हवी, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. आधारमुळे बनावट लाभार्थी वगळणे शक्य झाले हेही खरे आणि ठसे न उमटल्याने म्हातारी माणसे रेशन दुकानातून परत गेली हेही खरे.

कायद्याचे संरक्षण किती?

तत्त्व म्हणून भक्कम. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. हरवण्याच्या शक्यतेसाठी सरसकट चिप ही शेवटची कसोटी पार करू शकणार नाही, कारण तेच काम लॉकेट, पट्टा आणि ठसे करतात. त्याआधी २०१० च्या सेल्वी निकालात संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरली. माणसाच्या शरीरातून आणि मनातून माहिती काढण्याला मर्यादा आहे, हे सूत्र तिथलेच.

प्रत्यक्षातील संरक्षण मात्र पातळ आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात एक चांगली तरतूद आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. ॲपमध्ये हे एका बटणाने होते. चिपच्या बाबतीत ‘संमती मागे घेतो’ म्हणजे डॉक्टर, भूल आणि टाके. चिप बसवणाऱ्या कोणालाही ही अट पाळता येईल असे दिसत नाही. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही आहे. आणि गोठ्यातल्या गाईची माहिती व्यक्तिगत विदा ठरते का? गाईपुरती नाही. मालकाच्या आधारशी जोडली की ठरते, आणि ती जोडलेलीच आहे.

अमेरिकेत चिप घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतानाच काही राज्यांनी यावर कायदे केले. विस्कॉन्सिनने २००६ मध्ये कोणालाही सक्तीने चिप बसवण्यास बंदी घातली. नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये तसेच केले. कॅलिफोर्नियाचा कायदा त्याच्याही पुढे जातो : नोकरी, पगारवाढ किंवा लाभ यांचे आमिष दाखवून किंवा ते रोखण्याची भीती घालून चिप बसवून घेणे हीही सक्तीच मानली जाते. अनुदानासाठी बिल्ला मारून घेतलेल्या गावाला यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भारतात असा कायदा अजून नाही.